शुद्धीत असतानाच ठरवून ठेवा

पुढच्या वैद्यकीय उपचारांबाबत भोर आणि वेल्हे (राजगड) तालुक्यांतील प्रत्येक सज्ञान व्यक्तीसाठी

काय करावे

सुरुवात करताना

- वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली असतील तर वैद्यकीय इच्छापत्राची, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार हवेत-नकोत ते सांगणाऱ्या कागदाची, सुरुवात करा. महामार्गावरचा अपघात वय विचारत नाही.
- मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर हे काम या महिन्यातच उरका.
- विसरभोळेपणा वाढतोय असे घरच्यांना जाणवले की आधी डॉक्टरांना दाखवा. समज शाबूत असताना केलेलाच कागद चालतो.
- तुम्हाला जास्त काय हवे ते आधी स्वतःशी ठरवा: होता होईल तितके जगणे, की माणसे ओळखत आणि वेदनेविना जगणे.
- व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून घातलेली अन्ननळी आणि छाती दाबून हृदय सुरू करणे म्हणजे नेमके काय, ते डॉक्टरांकडून समजून घ्या.
- बरे होण्याची आशा असताना कोणते उपचार हवेत आणि आशा संपल्यावर कोणते नकोत, याच्या दोन वेगळ्या याद्या करा.

माणूस निवडताना

- शुद्ध हरपल्यावर तुमच्या वतीने बोलेल असा एक माणूस ठरवा.
- त्याच्या जोडीला दुसरे नावही द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशानुसार एकाहून अधिक नावे देता येतात.
- लवकर पोहोचणाऱ्याला झुकते माप द्या. मुंबईचा मुलगा येईपर्यंत नसरापूरची पुतणी दवाखान्यात हजर असते.
- सासरी गेलेल्या मुलीचा विचार मुलाइतकाच करा. जवळच्या नात्यात तीही येते.
- डॉक्टरांना प्रश्न विचारू शकेल आणि नातेवाइकांच्या गलक्यात डगमगणार नाही असाच माणूस निवडा.
- नाव लिहिण्याआधी त्याचा होकार घ्या आणि तुमची इच्छा त्याच्याकडून परत वदवून घ्या.
- मूलबाळ नसेल किंवा एकटे राहत असाल तर पुतण्या, भाचा, भाची यांपैकी एकाला आताच विचारा.

घरात बोलताना

- गावची यात्रा, गणपती किंवा दिवाळी गाठा. पुण्या-मुंबईची मंडळी तेव्हा एकत्र सापडतात.
- सुनेला बैठकीत बसवा. शुश्रूषा बहुतेक तिच्याच वाट्याला येते.
- सरळ बोला: "मला मशीनवर किती दिवस ठेवायचे, ते मीच सांगून ठेवतोय."
- उपचारांवर किती खर्च करायचा आणि त्यासाठी जमिनीला हात लावायचा की नाही, हे स्वतःच्या तोंडाने सांगा.
- शेवटचे दिवस घरी हवेत की दवाखान्यात, तेही सांगा.
- आई-वडिलांना विचारण्याआधी स्वतःचा कागद करा. मग विषय काढणे सोपे जाते.
- घरातले थोरले ऐकून घेत नसतील तर विषय आठवडाभर बाजूला ठेवा आणि पुन्हा काढा.

कागद करताना

- वैद्यकीय इच्छापत्र लेखी करा. सर्वोच्च न्यायालयाने त्याला ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्यता दिली आहे.
- मजकूर तुम्हाला आणि घरच्यांना कळेल अशा मराठीत लिहा. वैद्यकीय शब्द डॉक्टरांकडून तपासून घ्या.
- कोणत्या अवस्थेत कोणता उपचार सुरू करू नये किंवा थांबवावा, हे नाव घेऊन लिहा.
- वेदना कमी करणारी औषधे आणि अंगाची स्वच्छता शेवटपर्यंत चालू राहावी, असे स्पष्ट नमूद करा.
- हा कागद राजीखुशीने आणि परिणाम समजून करत आहे, हे वाक्य घाला.
- दोन साक्षीदारांसमोर सही करा. साक्षीदार घराबाहेरचे असतील तर उत्तम.
- त्यानंतर नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्या. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशापासून न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत नाही.
- नोटरीची चौकशी भोर न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडे करा आणि मुद्रांक व शुल्क किती ते आधी विचारा.
- सही येत नसेल तर मजकूर दोनदा मोठ्याने वाचून घ्या, मग साक्षीदारांसमोर अंगठा उठवा.
- पत्त्यात 'राजगड (पूर्वीचा वेल्हे)' अशी तालुक्याची दोन्ही नावे लिहा. जुन्या कागदांशी मेळ बसतो.
- मन बदलले तर आधीचा कागद लेखी रद्द करा. हा हक्क तुम्हाला केव्हाही आहे.
- नवा आजार निघाला, मोठे ऑपरेशन झाले किंवा जोडीदार गेला की कागद पुन्हा वाचा.

कागद ठेवताना

- नाव दिलेल्या प्रत्येकाला आणि नेहमीच्या डॉक्टरांना एकेक प्रत द्या.
- एक प्रत ग्रामपंचायतीत, भोर शहरात असाल तर नगरपरिषदेत द्या. ती सांभाळणारा अधिकारी कोण, ते विचारून नाव लिहून ठेवा.
- गावात कोणाला माहिती नसेल तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करा.
- मूळ कागद आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवा. धावपळीत तीच पिशवी उचलली जाते.
- प्रत्येक पानाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.
- एका चिठ्ठीवर चालू औषधे, ॲलर्जी, झालेली ऑपरेशने आणि डॉक्टरांचा फोन लिहून पिशवीत घाला.
- दवाखान्यात भरती होतानाच एक प्रत केसपेपरला लावायला द्या.

दवाखाना आणि पैसा

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार तयार ठेवा. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.
- वय ७० किंवा जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही.
- योजनेतले दवाखाने कोणते, ते १५५३८८ वर विचारा आणि तिथे गेल्यावर आधी आरोग्यमित्र गाठा.
- आधार आणि रेशन कार्डावरचे नाव, वय जुळते का पाहा आणि चूक असेल तर निरोगी असतानाच दुरुस्त करा.
- उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात.
- भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात कोणते उपचार होतात, कोणते होत नाहीत, ते आधी जाऊन विचारा.
- बँक खात्यात जोडीदाराचे नाव 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीने लावा. तुम्ही बेशुद्ध असताना पैसे काढता आले पाहिजेत.

रस्ता आणि पावसाळा

- १०८ हा नंबर घरातल्या लहान मुलांनाही पाठ करून द्या.
- वाडीतली कोणाची जीप रात्री-अपरात्री मिळेल, ते ठरवा आणि त्या चालकाचा फोन भिंतीवर लिहा.
- फोनला रेंज कुठे येते ती जागा सर्वांना माहीत करून द्या, विशेषतः केळद, पासली आणि हिर्डोशीच्या बाजूला.
- मृगाआधी महिनाभराची औषधे आणून ठेवा.
- ऑक्सिजनवर किंवा डायलिसिसवर असलेल्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे ठेवण्याची सोय करा.
- रुग्ण पुण्यात कोणत्या दवाखान्यात न्यायचा, त्याची पहिली आणि दुसरी पसंती लिहून ठेवा.

आजार बळावल्यावर

- डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: बरे होण्याची शक्यता किती, या उपचाराचा त्रास किती, तो नाही केला तर काय होईल.
- घरातल्या एकानेच डॉक्टरांशी बोलावे आणि बाकीच्यांना त्यानेच कळवावे.
- इच्छापत्र अमलात आणण्याची वेळ आली तर लेखी मागणी करा. दवाखान्याने नेमलेले आधी पहिले आणि मग दुसरे वैद्यकीय मंडळ मत देते.
- प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी २०२३ च्या आदेशातली मुदत दाखवा.
- मंडळाने परवानगी नाकारली तर उच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क लक्षात ठेवा.
- बरे करणारे उपचार संपले की वेदनाशामक, म्हणजेच पॅलिएटिव्ह सेवा मागा. वारज्याच्या सिप्ला केंद्रात कर्करुग्णांना ती मोफत मिळते.

शेवटचे दिवस घरी

- रुग्णाला घरी आणण्याआधी दुखणे, दम, उलटी आणि बेचैनी यांसाठी कोणते औषध किती द्यायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.
- कूस बदलणे, तोंड पुसणे आणि लघवीची पिशवी बदलणे नर्सकडून हाताने करून शिका.
- रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या लावा. एकाच बाईवर भार टाकू नये.
- आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण घरी आल्याचे कळवा.
- घरी मृत्यू झाला तर दाखला कोणते डॉक्टर देतील, ते आधीच विचारून ठेवा.
- मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत करा.

दान आणि मनाचे आजार

- अवयवदानाची प्रतिज्ञा आधार क्रमांकाने ऑनलाइन नोंदवा आणि घरच्यांना सांगा. वेळ आल्यावर संमती त्यांनाच विचारतात.
- नेत्रदान करायचे असेल तर नेत्रपेढीचा फोन भिंतीवर लिहा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात.
- नेत्रपेढीचे पथक येईपर्यंत पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा आणि डोक्याखाली उशी द्या.
- देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयात आधी भरा आणि देह पोहोचवायची गाडी कोण करणार तेही ठरवा.
- मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार वेगळा आगाऊ निर्देश करा आणि आपला प्रतिनिधी नेमा.
- मन खचले असेल तर आधी १४४१६ या हेल्पलाइनवर बोला. इच्छापत्राचा विचार मन स्थिर झाल्यावर करा.

काय टाळावे

सुरुवात करताना

- "अजून म्हातारे झालो नाही" म्हणून थांबू नका.
- ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची वाट पाहू नका. भीतीत घेतलेला निर्णय टिकत नाही.
- कागद केला की मरण ओढवते, असल्या बोलण्याला भीक घालू नका.
- टीव्हीत किंवा मोबाइलवर पाहिलेल्या एखाद्या प्रसंगावरून "मला काहीच नको" असे ठरवू नका. बरे करणारा उपचार हातचा जाईल.
- इंजेक्शन देऊन मरण मागू नका; ते भारतात बेकायदा आहे आणि इच्छापत्रात लिहिले तरी चालत नाही.
- "हे आपल्याकडे चालत नाही" असे ऐकून गप्प बसू नका, मुंबईत डॉ. निखिल दातार आणि गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःची इच्छापत्रे रीतसर नोंदवली आहेत.

माणूस निवडताना

- थोरला आहे एवढ्यावरच थोरल्या मुलाचे नाव घालू नका.
- तुमच्या मरणाने ज्याची पैशाची अडचण सुटणार आहे, त्याला निर्णय सोपवू नका.
- बँकेतला नॉमिनी आपोआप दवाखान्यात बोलू शकतो, असे धरून चालू नका.
- सरपंच, पुढारी किंवा गावातला वजनदार माणूस म्हणून कोणाचे नाव देऊ नका. जवळच्याच माणसाचे द्या.
- तुमच्याइतक्याच वयाच्या आणि तितक्याच आजारी जोडीदारावर सगळा भार टाकू नका.
- नाव दिलेल्यापासून ते लपवून ठेवू नका. त्याला दवाखान्यात पहिल्यांदा कळता कामा नये.

घरात बोलताना

- उपचारांचे आणि जमिनीच्या वाटणीचे बोलणे एकाच बैठकीत काढू नका. दुसरे पहिल्याला गिळून टाकते.
- लग्नघरात, दहाव्याला किंवा पाहुण्यांसमोर विषय काढू नका.
- "पोरं बघतील काय ते" म्हणून सुटका करून घेऊ नका. नंतर तीच पोरे एकमेकांशी बोलेनाशी होतात.
- आईच्या वतीने वडिलांनी उत्तर देऊ नये. तिचे तिला बोलू द्या.
- म्हाताऱ्या माणसाला आजाराचे नाव विचारल्यावर खोटे सांगू नका. अंधारात ठेवलेला माणूस निवड करू शकत नाही.
- नकार देणाऱ्यावर जबरदस्ती करू नका. दबावाखाली केलेला कागद चालत नाही.
- भावाबहिणींपैकी कोणालाही मुद्दाम वगळू नका. वगळलेलाच पुढे आयसीयूच्या दारात अडतो.

कागद करताना

- मृत्युपत्र आणि वैद्यकीय इच्छापत्र एकाच कागदावर करू नका. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात.
- "जास्त त्रास देऊ नये", "देवाच्या मनात असेल तसे" अशी मोघम वाक्ये लिहू नका. डॉक्टरांना त्यातून काही करता येत नाही.
- दुसऱ्या कोणाच्या कागदाची जशीच्या तशी नक्कल करू नका.
- कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या मजकुराखाली सही-अंगठा करू नका.
- इच्छापत्राच्या नावाखाली बक्षीसपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र पुढे सरकवणाऱ्याला दाराबाहेर ठेवा. जमिनीचे दलाल गावोगावी फिरतात.
- ज्याच्या नावे जमीन करणार आहात, त्याला साक्षीदार करू नका.
- फक्त तोंडी सांगून किंवा मोबाइलवर व्हिडिओ काढून थांबू नका. दोन साक्षीदार आणि साक्षांकन हवेच.
- दारू पिऊन, तापात किंवा गुंगीच्या औषधावर असताना सही करू नका.
- एजंटाला हजारो रुपये मोजू नका. मजकूर तुम्ही स्वतः लिहू शकता.
- जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. नवा करा आणि त्यावर तारीख टाका, कारण शेवटचा सही केलेला कागदच धरला जातो.
- नवा कागद झाल्यावर जुन्याच्या प्रती लोकांकडे राहू देऊ नका.

कागद ठेवताना

- कागद बँकेच्या लॉकरमध्ये किंवा कुलूपबंद ट्रंकेत ठेवू नका.
- पिशवी कपाटात असेल तर त्याची चावी एकट्याकडेच ठेवू नका.
- ग्रामपंचायतीत पोच न घेता प्रत देऊ नका.
- मूळ प्रत दवाखान्यात देऊन परत येऊ नका. छायाप्रत द्या, मूळ दाखवा.
- औषधांची चिठ्ठी जुनी राहू देऊ नका. गोळी बदलली की चिठ्ठी बदला.
- आधारचा फोटो आणि ओटीपी अनोळखी माणसाला पाठवू नका, मग तो कोणत्याही योजनेचे नाव सांगो.

दवाखाना आणि पैसा

- योजनेचे कार्ड आजारी पडल्यावर काढू म्हणून ठेवू नका. अंगठ्याचे ठसे आणि चेहरा जुळवायला माणूस समोर लागतो.
- योजनेत आहे की नाही हे न विचारता खासगी दवाखान्यात अनामत भरू नका.
- रुग्ण आत आणि पाहुणे बाहेर अशा स्थितीत जमिनीचा सौदा करू नका. तो भाव पडलेलाच असतो.
- सावकाराकडून उपचारासाठी उचल घेण्याआधी आरोग्यमित्राला आणि दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटल्याशिवाय राहू नका.
- आरोग्य विम्याच्या अर्जात जुना आजार लपवू नका. दावा नेमका त्याच कारणाने फेटाळला जातो.
- बिले आणि तपासण्यांचे कागद फेकू नका. पुढच्या डॉक्टरांना तेच लागतात.

रस्ता आणि पावसाळा

- मुसळधार पावसात रुग्णाला वरंध घाटाने महाडकडे नेण्याचा बेत करू नका. दरड कोसळते आणि घाट बंद असतो.
- रात्री त्रास सुरू झाला तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. छातीत दुखणे आणि तोंड वाकडे होणे यांत तास मोजले जातात.
- पुण्याचा मोठा दवाखाना गाठायच्या नादात जवळचे आरोग्य केंद्र ओलांडून जाऊ नका. पहिला उपचार तिथे मिळतो.
- दम लागलेल्या रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका.
- गाडीत सहा नातेवाईक कोंबू नका. नाव दिलेला माणूस आणि कागदांची पिशवी आधी बसवा.
- लावणीच्या घाईत म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या चुकवू नका.

आजार बळावल्यावर

- डॉक्टरांना "काहीही करा, पण वाचवा" एवढेच सांगू नका. रुग्णाने काय लिहिले आहे ते सांगा.
- उशिरा पोहोचलेल्या नातेवाइकाच्या आरडाओरड्याने ठरलेला निर्णय फिरवू नका.
- रुग्ण शुद्धीत असेल तर कागद दाखवत बसू नका. आधी त्यालाच विचारा, इच्छापत्र तो बोलू शकत नसेल तेव्हाचे आहे.
- कागद आहे म्हणून उपचार लगेच थांबतील असे समजू नका. मंडळांचे मत आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे हे टप्पे दवाखान्याला पाळावेच लागतात.
- डॉक्टरांवर हात उगारू नका. दवाखाना बदलायचा असेल तर लेखी सारांश घेऊन शांतपणे बदला.
- अंगारे-धुपारे आणि गावठी औषधासाठी चालू उपचार गुपचूप बंद करू नका.

शेवटचे दिवस घरी

- "स्वतःच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून औषधांविना रुग्ण घरी आणू नका. घरी आणणे आणि वाऱ्यावर सोडणे एक नव्हे.
- वेदनेच्या गोळ्यांची सवय लागेल म्हणून त्या रोखू नका. शेवटच्या आजारात हे भय गैरलागू आहे.
- गिळता येत नसताना चमच्याने दूध-पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाते, ओठ ओले करणे पुरेसे आहे.
- भेटायला आलेल्यांची रीघ खोलीत लावू नका.
- रुग्णाच्या उशाशी खर्चाचा आणि वाटणीचा हिशोब मांडू नका. बेशुद्ध दिसणाऱ्यालाही ऐकू येत असू शकते.
- ठरलेले असताना शेवटच्या तासाला घाबरून पुन्हा पुण्याला धाव घेऊ नका. आधी पॅलिएटिव्ह सेवेच्या डॉक्टरांना फोन करा.

दान आणि मनाचे आजार

- प्रतिज्ञापत्र भरले म्हणजे दान झाले असे समजू नका. घरच्यांनी ऐनवेळी नकार दिला तर दान होत नाही.
- नेत्रदानासाठी वय, चष्मा किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन आड येते असे मानू नका.
- अपघाती मृत्यूत शवविच्छेदन झाल्यावर देहदानाचा हट्ट धरू नका. अशा वेळी महाविद्यालये देह घेत नाहीत.
- मनाच्या आजाराचा आगाऊ निर्देश आणि वैद्यकीय इच्छापत्र एकमेकांत मिसळू नका. दोहोंचे कायदे वेगळे आहेत.
- मानसिक आजार आहे म्हणून कोणाचा बोलण्याचा हक्क काढून घेऊ नका. समज शाबूत असेल तर निर्णय त्याचाच.

येत्या रविवारी तीन कामे करा: आपल्या वतीने बोलणारा माणूस ठरवा, काय हवे आणि काय नको ते एका पानावर लिहा, आणि ते पान त्या माणसाच्या हातात द्या. साक्षीदार आणि नोटरी पुढच्या आठवड्यात करा, पण कराच.